स्वस्त सेवेचे महाग मोल

वाशिम जिल्ह्याचा खरीप हंगाम मुख्यतः सोयाबीनच्या पेऱ्यावर उभा असतो. पावसाची चाहूल लागली की वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतील कृषी सेवा केंद्रांसमोर शेतकऱ्यांची गर्दी होऊ लागते. दुकानात दोन पिशव्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. दाणा सारखाच पिवळा, वजनही सारखेच. किमतीत मात्र अंतर असते. त्यांतील कोणत्या पिशवीतील दाणा उगवेल हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ते कळते पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी, आणि तोवर पैसा, ओल आणि पेरणीची वेळ ही तिन्ही हातची गेलेली असतात. २०२० च्या खरिपात राज्याच्या अनेक जिल्ह्यांतून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या आणि हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढेही गेला, हे अनेकांच्या स्मरणात असेल.

ज्या मालाचा कस खरेदीच्या वेळी दिसत नाही, त्या मालाच्या बाजारात हलका माल शिरला म्हणजे नुकसान केवळ तो घेणाऱ्याचे होत नाही. चांगला माल विकणाराही त्यात भरडला जातो आणि हळूहळू त्या साऱ्या व्यवसायाची पत जाते. बियाण्यांच्या बाबतीत समाजाने हा धडा पुष्कळ किंमत मोजून घेतला आहे. गेल्या पंचवीस वर्षांत उदयास आलेल्या एका सेवा-व्यवसायाला मात्र तो अद्याप पुरता घ्यावयाचा आहे. इंटरनेटवरील शोधयंत्रांत आपल्या ग्राहकाचे नाव वरच्या बाजूस दिसावे यासाठी काम करणारा हा व्यवसाय होय. 'एसईओ' या आद्याक्षरांनी तो सर्वत्र ओळखला जातो. हा विषय मोठ्या शहरांचा वाटला तरी वाशिमच्या दुकानदाराशी आणि येथील शिकलेल्या तरुणाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

नावाची शिफारस

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा होऊन अस्तित्वात आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या अमेरिकेतील दोन विद्यार्थ्यांनी गूगल ही कंपनी स्थापन केली. त्यांची मूळ कल्पना साधी होती. परक्या गावी गेलेला माणूस चांगल्या वैद्याचा पत्ता विचारतो, तेव्हा ज्याचे नाव चार जाणती माणसे सुचवितात त्याच्याकडे तो जातो. त्याचप्रमाणे, एखाद्या पृष्ठाकडे इतर किती पृष्ठांनी आणि किती वजनदार पृष्ठांनी दुवा दिला आहे, हे मोजून त्या पृष्ठाचे स्थान ठरवावे, अशी ती कल्पना होती. पुढे या मोजणीत इतर अनेक कसोट्यांची भर पडली. तरी दुवा म्हणजे शिफारस हे सूत्र अजून पुसले गेलेले नाही.

या मोजणीचा वाशिमशी काय संबंध, असा प्रश्न येथे सहज उपस्थित होईल. कारंजा हे श्रीनृसिंह सरस्वती यांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे, तर शिरपूर जैन येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनासाठी दूरदूरचे यात्रेकरू येतात. पूर्वी असा यात्रेकरू बसस्थानकावर उतरून निवासाची चौकशी करीत असे. आज तो घरून निघण्यापूर्वीच मोबाईलवर शोध घेतो आणि पहिल्या चार-पाच नावांपैकी एकाला दूरध्वनी करतो. ज्याचे नाव त्या चार-पाचांत नाही, त्याच्या खोल्या कितीही स्वच्छ असल्या तरी त्या यात्रेकरूच्या लेखी त्या नसल्यासारख्याच. हळद विकणारा व्यापारी, शेती अवजारांचा कारागीर, परीक्षेचे वर्ग चालविणारा शिक्षक या सर्वांना कमीअधिक प्रमाणात हाच अनुभव येतो.

अशा व्यावसायिकाला मदत करण्याचे काम सचोटीने करता येते आणि त्याचे मोलही आहे. संकेतस्थळ मोबाईलवर चटकन उघडेल असे करणे, पत्ता, वेळ व दर स्पष्ट लिहिणे, ग्राहक ज्या भाषेत आणि ज्या शब्दांनी शोध घेतो त्या शब्दांत माहिती देणे, खरी छायाचित्रे लावणे आणि ज्यांना शिफारस करण्याचा अधिकार आहे अशांकडून खरी शिफारस मिळविणे, हे त्या कामाचे स्वरूप होय. या कामाचे फळ दिसावयास बहुधा चार महिने ते एक वर्ष लागते, असे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात नमूद केले आहे.

हलक्या सेवेची रीत

हे काम सावकाशीचे असल्यामुळेच घाईचे आमिष दाखविणाऱ्यांचे फावते. "एका महिन्यात पहिला क्रमांक, तोही दोन हजार रुपयांत," असा संदेश अनोळखी क्रमांकावरून येतो. 'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण अशाच सौद्यांसाठी असावी. वस्तुतः पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गूगलने स्पष्ट केले आहे. आणि पैसे घेऊन नैसर्गिक क्रमवारीत स्थान देण्याची सोय तेथे नाही. पैसे देऊन मिळते ती जाहिरात, आणि ती 'प्रायोजित' अशा खुणेने वेगळी दाखविली जाते.

अशा सेवेत प्रत्यक्षात काय केले जाते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. पहिला प्रकार विकतच्या दुव्यांचा. ज्यांचा वाशिमशी वा निवासाशी काडीचाही संबंध नाही अशा शेकडो ओसाड पृष्ठांवर कारंजाच्या निवासाचे नाव डकविले जाते. गावात चार जाणत्यांची शिफारस मिळविण्याऐवजी बाजारातून शंभर भाडोत्री माणसे आणून त्यांच्याकडून नावाचा पुकारा करविण्यासारखे हे आहे. दुसरा प्रकार मजकुराचा. दुसऱ्याचे लेखन उचलून त्यातील शब्द फिरविणे ही याची जुनी पद्धत. आता संगणकाकडून एका दिवसात शेकडो निरर्थक पृष्ठे लिहवून घेता येतात. तिसरा प्रकार खोट्या अभिप्रायांचा. कधीही न आलेले पाहुणे व्यवस्थेची तोंडभरून स्तुती करतात.

चौथा प्रकार सर्वांत निरुपद्रवी दिसतो आणि म्हणूनच सर्वाधिक चालतो. त्यात काहीच केले जात नाही. महिन्याच्या अखेरीस एक रंगीत अहवाल मात्र येतो व त्यात "पहिला क्रमांक" असे लिहिलेले असते. हा क्रमांक कोणत्या शोधाचा, हे पाहिले म्हणजे उलगडा होतो. दुकानाचे संपूर्ण नाव टाकून घेतलेल्या शोधात ते दुकान पहिले दिसते, कारण त्या नावाचे दुसरे दुकानच नसते. नवा ग्राहक हे नाव जाणत नसतो. तो "कारंजा येथे राहण्याची सोय" असे शोधतो, आणि त्या शोधात पूर्वीची स्थिती कायम असते.

सुक्याबरोबर ओलेही

असे प्रकार वाढले तेव्हा शोधयंत्राला कठोर व्हावे लागले. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने निकृष्ट मजकुराविरुद्ध 'पांडा' नावाचा बदल अमलात आणला. अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांचे निकाल त्यामुळे बदलले. एप्रिल २०१२ मध्ये बनावट दुव्यांविरुद्ध 'पेंग्विन' नावाचा बदल आला व इंग्रजीतील सुमारे ३ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. मार्च २०२४ मध्ये, घाऊक प्रमाणावर निर्माण केलेल्या पोकळ मजकुराविरुद्ध नवे नियम जाहीर झाले.

या काळातील एक उदाहरण जगभर गाजले. अमेरिकेतील जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसाखळीचे नाव २०१० च्या अखेरीस कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत असंख्य वस्तूंच्या शोधांत अग्रभागी दिसू लागले. असंबद्ध संकेतस्थळांवरील हजारो दुव्यांचा तो परिणाम होता, असे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने फेब्रुवारी २०११ मध्ये उघडकीस आणले. गूगलने कारवाई केली आणि ते नाव कित्येक पृष्ठे मागे फेकले गेले. हे दुवे आपल्या अनुमतीने लावलेले नव्हते, असे कंपनीने सांगितले व हे काम पाहणाऱ्या सल्लागार संस्थेशी असलेला संबंध तोडला. काम ज्याने केले तो बाजूस झाला. शिक्षा झाली ती दुकानाच्या नावाला. एवढी मोठी कंपनी असा फटका सोसून पुन्हा उभी राहू शकते. दहा खोल्यांचा निवास चालविणाऱ्याचा एक यात्रा-हंगाम बुडाला तर तो पुढील वर्षापर्यंत भरून निघत नाही.

शिवाय नियम कडक झाले की त्यांचा जाच निर्दोषांनाही होतो. खोटे अभिप्राय गाळताना काही खरेही गाळले जातात. बनावट दुकाने हुडकताना खऱ्या दुकानदारालाही आपले अस्तित्व सिद्ध करण्यासाठी कागद दाखवावे लागतात. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे. पूर्वीच्या हलक्या कामाची साफसफाई करणे हे तर एक स्वतंत्र कामच होऊन बसले. नको असलेले दुवे नाकारता यावेत यासाठी गूगलला ऑक्टोबर २०१२ मध्ये वेगळे साधन उपलब्ध करून द्यावे लागले.

चांगला कारागीर मागे का पडतो

हलका माल चांगल्या मालाला बाजारातून कसा हुसकावून लावतो, याचे शास्त्रीय विवेचन जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एका निबंधात केले. या निबंधापूर्वी, १९६७-६८ मध्ये, त्यांचे वास्तव्य दिल्लीत होते. जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन लिहिलेल्या या निबंधात भारतीय गृहिणीचाही उल्लेख आहे. बाजारातून आणलेल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे खडे तिला निवडीत बसावे लागते, हे त्यांनी नोंदविले आहे. अशा विचारांच्या गौरवार्थ त्यांना २००१ मध्ये अन्य दोघा अर्थशास्त्रज्ञांसमवेत नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले.

त्यांचा सिद्धांत या व्यवसायाला लावून पाहता येईल. समजा, नीट काम करणाऱ्यास महिन्याला १२ हजार रुपये मिळाले तरच त्याचा वेळ भरून निघतो आणि फसवे काम २ हजारांत परवडते. ग्राहकाला दोहोंतील फरक आधी कळत नाही. निम्मे लोक फसवे असावेत असे त्याला वाटते; म्हणून तो मधली रक्कम, म्हणजे सुमारे ७ हजार रुपये, देण्यास तयार होतो. ७ हजारांत नीट काम होत नाही. त्यामुळे चांगला कारागीर एक तर व्यवसाय सोडतो, नाही तर कामात काटछाट करतो. बाजारात फसव्यांचे प्रमाण वाढते, ग्राहकाला तसा अनुभव येतो आणि पुढच्या खेपेस तो ३ हजारांच्या वर देत नाही. शेवटी फसवे काम तेवढे उरते आणि "हा धंदाच खोटा" असे मत होऊन ग्राहकही निघून जातो.

या घसरणीचे दोन परिणाम सहसा मोजले जात नाहीत. ज्या दुकानदाराला या सेवेचा खरोखर उपयोग झाला असता, तो तिच्याकडे पाठ फिरवितो व त्याचे नाव शोधाबाहेरच राहते. आणि ज्या नवशिक्याने जाणत्याच्या हाताखाली दोन वर्षे उमेदवारी करून हे कसब आत्मसात करावयास हवे होते, त्याला तसा जाणता मिळत नाही. दुवे डकविण्याचे काम तो शिकतो आणि त्यालाच व्यवसाय समजू लागतो.

स्वस्त आणि हलके यांतील भेद

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. कमी किंमत हा काही दोष नव्हे. वाशिम किंवा मंगरूळपीर येथे घरी बसून काम करणाऱ्या तरुणाला पुण्या-मुंबईचे भाडे भरावे लागत नाही. त्याने त्याच कसाचे काम कमी दरात दिले तर त्यात दोघांचेही हित आहे. एखाद्याने "दुकानाची नोंद व पत्ता एवढेच नीट करून देतो" असे सांगून थोडे पैसे घेतले, तर तोही सरळ व्यवहार होय. सौदा हलका ठरतो तो थोड्या पैशांत अशक्य गोष्टीचे वचन देण्यामुळे आणि काम कसे केले हे झाकून ठेवण्यामुळे. उलट, भरमसाट दर आकारूनही हेच करणारे आढळतात. या स्थितीला ग्राहकाची उतावीळही काही अंशी कारणीभूत असते. महिन्याभरात पहिला क्रमांक मागणारा ग्राहक प्रामाणिक माणसाला दारातूनच परत पाठवितो.

बियाण्यांच्या बाजाराचा धडा

बियाण्यांच्या बाजाराने या दुखण्यावर काय उपाय योजले, हे पाहणे म्हणूनच उपयुक्त ठरेल. १९६६ मध्ये बियाणे अधिनियम झाला. १९७६ मध्ये महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजेच 'महाबीज', स्थापन होऊन त्याचे मुख्यालय अकोल्यास राहिले. पायाभूत बियाण्यास पांढरे आणि प्रमाणित बियाण्यास निळे लेबल लागू लागले. सोयाबीनसाठी किमान ७० टक्के उगवणशक्तीची अट ठरली. डोळ्यांना न दिसणारा कस अशा रीतीने कागदावर दिसू लागला. त्यामुळे फसवणूक समूळ नाहीशी झाली असे नाही; पण तक्रार कशाच्या आधारे करावयाची, याला आधार मिळाला.

शोधयंत्रविषयक सेवेला असे निळे लेबल नाही. तिच्यासाठी सरकारी परवाना नाही आणि गूगलही कोणाला क्रमवारीच्या कामाचे प्रमाणपत्र देत नाही. काही जण 'गूगल पार्टनर' असे चिन्ह दाखवितात. पण ते जाहिरातींच्या कामासंबंधीचे असते. तेव्हा ग्राहकाने स्वतःच उगवणशक्तीची चाचणी घेणे हाच मार्ग उरतो. शेतकरी पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती कोंब फुटले ते मोजतो. त्याच धर्तीची चाचणी येथेही घेता येते.

संपूर्ण वर्षाचा करार करण्यापूर्वी एक लहानसे काम द्यावे व ते पाहावे. कोणकोणत्या शोधांत नाव दिसावे, ते शब्द ग्राहकाने स्वतः ठरवून लिहून द्यावेत. 'सर्च कन्सोल' हे गूगलचे साधन विनामूल्य आहे. कोणत्या शब्दांवरून किती लोक आले हे त्यात दिसते. ते पाहण्याची व्यवस्था आपल्या हाती ठेवावी, म्हणजे रंगीत अहवालावर विसंबावे लागणार नाही. कोठे कोठे दुवे लावले त्यांची यादी मागावी. जो यादी देण्यास कचरतो, त्याच्या कामाविषयी अधिक विचारण्याची गरज नाही. संकेतस्थळाचे नाव, त्याचा परवलीचा शब्द आणि गूगलवरील व्यवसायाची नोंद ही तिन्ही मालकाच्याच नावावर असावीत. सेवा देणाऱ्याच्या नावावर ती गेली, तर भांडण झाल्यावर दुकानाची पाटीच दुसऱ्याच्या घरी राहिल्यासारखे होते.

बियाणे न उगवल्यास तक्रारीसाठी पावती, पिशवी, लेबल आणि थोडे बियाणे जपून ठेवण्याचा सल्ला कृषी विभाग देतो. येथेही लेखी करार, पावती आणि आलेले संदेश जपून ठेवावेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागण्याची तरतूद आहे. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा त्यातून वगळली असली, तरी केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यांस कायद्याने वेगळे मानले आहे. ऑनलाइन अभिप्रायांच्या बाबतीत भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये 'आयएस १९००० : २०२२' हे मानकही प्रसिद्ध केले.

आणखी एक साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. सोयाबीन स्वपरागसिंचित असल्यामुळे शेतकरी दरवर्षी नवे बियाणे न घेता घरचे चांगले बियाणे राखून पेरू शकतो. या सेवेचाही बराचसा भाग घरचा आहे. गूगलवर व्यवसायाची नोंद करावयास पैसे लागत नाहीत. आपल्या निवासाची वा दुकानाची खरी माहिती मालकाइतकी कोणालाच ठाऊक नसते. समाधानाने परतणाऱ्या पाहुण्याला दोन शब्द लिहिण्याची विनंती करणे हे तर कोणत्याही विकतच्या दुव्यापेक्षा अधिक फलदायी आहे.

तरुणांपुढील निवड

जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांची निवड झाली, त्यांत वाशिमचा समावेश होता. मोठे कारखाने नसलेल्या अशा जिल्ह्यातील शिकलेल्या मुलामुलींना घरबसल्या करता येणारे काम हवे आहे, आणि हे काम तसे आहे. त्याला भांडवल थोडे लागते, भाषेची जाण मात्र पुष्कळ लागते. यात्रेकरू मराठीत काय विचारतो, तांड्यावरचा माणूस कोणता शब्द वापरतो, हळदीचा व्यापारी मालाला काय म्हणतो, हे वाशिमच्या तरुणाला जितके ठाऊक, तितके दूरच्या शहरातील कार्यालयास ठाऊक नसते. हेच त्याचे खरे भांडवल होय.

परंतु या क्षेत्राच्या दारातच दुवे डकविण्याचे आणि खोटे अभिप्राय लिहिण्याचे चिल्लर काम उभे असते. ते लगेच मिळते आणि त्याचे पैसेही लगेच मिळतात. ते पत्करणाऱ्याची दोन वर्षे जातात, पण हाती कसब राहत नाही. शोधयंत्राचा नियम बदलला की ते कामही जाते. उलट, ज्याने आपल्याच तालुक्यातील चार दुकानदारांचे काम नीट केले, काय होईल आणि काय होणार नाही हे आधीच सांगितले आणि प्रत्येक रुपयाचा हिशेब दिला, त्याच्याकडे पाचवा दुकानदार शिफारशीने येतो.

बीजोत्पादन करणारा शेतकरी आपल्या शेतातून भेसळीची रोपे उपटून टाकतो. त्यामुळे त्याचे उत्पन्न त्या वर्षी थोडे घटते. पण पुढील हंगामात शेकडो शेतांतील पीक त्याच्या त्या कष्टांवर उभे राहते. शोधयंत्रांच्या व्यवसायातही अशी निंदणी करणारे हात हवे आहेत. ज्या ग्राहकाने पावती मागितली, चाचणी घेतली आणि योग्य दाम दिले, आणि ज्या कारागिराने खोटे वचन देण्याचे नाकारले, त्या दोघांच्या व्यवहारातूनच या सेवेला तिचे निळे लेबल मिळणार आहे. कारंजाच्या निवासाची पाटी यात्रेकरूला दिसणे आणि वाशिमच्या तरुणाला गावात राहून मानाची भाकरी मिळणे, या दोन्ही गोष्टी त्या लेबलावर अवलंबून आहेत.